वर्डपरफेक्ट ५.१ परत चालू करताना गेलेले सहा आठवडे

माझी आत्या वनस्पतिशास्त्रज्ञ. तिच्या आयुष्यभराच्या नोंदी वर्डपरफेक्ट ५.१ या मजकूर लिहायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत. एकूण २१२ फाइली, सगळ्यांची नावं आठ अक्षरांच्या आत बसवलेली. हे सॉफ्टवेअर १९८९ मध्ये बाजारात आलं. तेव्हा कंपनी अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या ओरेम गावची होती, पुढे १९९४ मध्ये ती नॉव्हेलकडे आणि १९९६ मध्ये कोरेलकडे गेली. आत्या मात्र ५.१ वरच थांबली. तिच्या कीबोर्डवर फंक्शन कीजच्या वरच्या कडेला वर्डपरफेक्टबरोबर मिळालेली, कुठल्या कळीने काय होतं ते सांगणारी पट्टी अजून बसवलेली आहे. लाल अक्षरांतलं कंट्रोल दाबून, हिरवं शिफ्ट दाबून, निळं आल्ट दाबून आणि काळं नुसतीच की दाबून. पट्टीचा डावा कोपरा बोटांनी घासून पांढरा पडलाय.

जानेवारी २०२५ च्या सुरुवातीला तिचा फोन आला. "अगं, छापायच्या आधी पान बघायला गेले की मेमरी नाही म्हणतंय. आणि मोठी फाइल उघडली की नुसती रखडते. तू एकदा येऊन बघशील का?" कॉम्प्युटर दुरुस्ती हा माझा व्यवसाय नाही. पण त्या नोंदी तिच्या चाळीस वर्षांच्या आहेत, आणि त्या बंद पडलेल्या यंत्रात अडकून राहाव्यात हे मला सहन होणारं नव्हतं. पुढचे सहा आठवडे सुट्टीचे दिवस आणि काही संध्याकाळी यात गेल्या. ज्यांच्या घरात असं एखादं जुनं यंत्र आणि त्याच्यावर जीव असलेलं माणूस आहे, त्यांच्यासाठी हे सगळं क्रमाने लिहून ठेवतेय. आज्ञा आणि फाइलींची नावं मी देवनागरीत लिहिली आहेत, यंत्रात ती अर्थातच रोमन लिपीत टाकायची.

४ जानेवारी, शनिवार. यंत्र ४८६ प्रोसेसरचं, त्यावर एमएस-डॉस ६.२२ ही जुनी ऑपरेटिंग सिस्टिम. चालू केल्यावर पहिल्यांदा ते हार्ड डिस्कच ओळखेना. मदरबोर्डवरची छोटी बॅटरी संपली होती. तिच्या जोरावर यंत्र तारीख, वेळ आणि डिस्कची मापं लक्षात ठेवतं. डिस्कच्या वरच्या लेबलवर सिलिंडर, हेड आणि सेक्टर यांचे आकडे छापलेले असतात. ते पाहून सेटअपमध्ये हाताने भरले आणि डिस्क दिसायला लागली. नवी बॅटरी मागवली, ती यायला चार दिवस लागले. तोवर यंत्र बंद केलं नाही. तुम्ही असं यंत्र उघडणार असाल तर त्या लेबलचा फोटो आधी काढून ठेवा, आणि जुनी बॅटरी गळून बोर्डावर हिरवट डाग पडलेत का तेही बघा.

दुरुस्तीला हात घालायच्या आधी नोंदी बाहेर काढल्या. सगळ्या मिळून साडेपाच एमबी भरल्या. १.४४ एमबीच्या पाच फ्लॉप्या लागल्या, त्यातली एक खराब निघाली म्हणून सहावी. त्या यूएसबी फ्लॉपी ड्राइव्हने माझ्या लॅपटॉपवर उतरवल्या. मग अजून एक फ्लॉपी घेऊन तिच्यावरून यंत्र सुरू होईल अशी ती फॉरमॅट केली (फॉरमॅट ए: /एस), आणि यंत्र सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या कॉन्फिग.सिस व ऑटोएक्झेक.बॅट या दोन्ही फाइली जशाच्या तशा तिच्यावर ठेवल्या. पुढच्या आठवड्यात या एका फ्लॉपीने मला दोनदा वाचवलं.

लॅपटॉपवर लिबरऑफिसमध्ये त्या फाइली उघडून पाहिल्या. उघडल्या. मजकूर नीट, तळटीपाही जागच्या जागी. नुसता मजकूर वाचवायचा असेल तर इथेच थांबलात तरी चालेल, हे मी मनापासून सांगते. पण आत्याचे मॅक्रो, म्हणजे एका कळीवर नोंदीचा पूर्ण साचा उमटवणाऱ्या तिच्या छोट्या आज्ञा, तिथे चालत नाहीत. आणि तिला नोंदी फक्त वाचायच्या नव्हत्या, पुढे लिहायच्या होत्या. "नवीन शिकायला माझी ना नाही," ती म्हणाली, "पण हे पुस्तक मला याच हातांनी पुरं करायचंय."

११ जानेवारी. बॅटरी बसली. आता खरी तक्रार. शिफ्ट-एफ७ दाबून छपाईच्या मेनूत गेलं आणि पान पाहण्याचा सहावा पर्याय निवडला की मेमरी अपुरी असल्याची ओळ खाली येत होती. यंत्रात मेमरी होती ८ एमबी. वर्डपरफेक्टला ती कमी पडावी हे पहिल्यांदा मला पटेचना.

कारण आहे ते जुन्या पीसीच्या रचनेत. १९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीतला ८०८८ प्रोसेसर एकूण एक एमबीच मेमरी ओळखू शकायचा. त्यातले खालचे ६४० केबी प्रोग्रॅमसाठी ठेवले, वरचे ३८४ केबी पडदा, बायॉस (यंत्र सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम) आणि जोडकार्डांसाठी. पुढे मेमरी कितीही वाढली तरी डॉसचे प्रोग्रॅम त्या ६४० केबीतच राहायला आले. डॉस स्वतः, माउसचा ड्रायव्हर (म्हणजे तो चालवणारा छोटा प्रोग्रॅम), सीडीचा ड्रायव्हर, डिस्कचा वेग वाढवणारा स्मार्टड्राइव्ह हे सगळे त्याच जागेत बसतात, आणि उरेल त्यात वर्डपरफेक्ट.

कोण किती जागा अडवून बसलंय हे 'मेम /सी' या आज्ञेने कळतं. यादी लांब असते, म्हणून 'मेम /सी /पी' लिहा, म्हणजे पानापानाने थांबते. तिच्यात शेवटी सर्वांत मोठ्या चालू शकणाऱ्या प्रोग्रॅमचा आकार दिलेला असतो. आमच्याकडे तो ४७१ केबी होता. वर्डपरफेक्ट सुरू व्हायला तेवढी जागा पुरते. पण पान पाहायला गेलं की ते चित्ररूप पडद्यावर जातं, अक्षरांचे आकार उभे करतं, आणि तिथे अडतं. मी वही काढली आणि तो आकडा तारीख घालून लिहिला. त्यानंतर प्रत्येक बदलानंतरचा आकडा आणि पान उघडलं की नाही, हे दोन्ही लिहीत गेले. एका वेळी एकच बदल, हा नियम मी शेवटपर्यंत मोडला नाही, फक्त एक वेळ सोडून, आणि ती वेळ लगेच पुढे येतेय.

१२ जानेवारी, रविवार. डॉस ६ मध्ये मेममेकर नावाचा प्रोग्रॅम आहे. तो यंत्र दोनदा सुरू करतो, कुठला ड्रायव्हर कुठे बसेल त्याची गणितं करतो आणि दोन्ही फाइली स्वतः बदलतो. सुरुवातीला तो विचारतो की एक्सपांडेड मेमरी लागणारे प्रोग्रॅम तुमच्याकडे आहेत का. तयार उत्तर 'नाही' असतं. मी एंटर दाबला. पंधरा मिनिटांत आकडा ६१८ केबी झाला, पानही उघडलं. आत्याने टाळी वाजवली. मग तिने सर्वांत मोठी फाइल उघडली आणि मधल्या एका प्रकरणावर गेली. डिस्कचा दिवा पेटला तो विझेचना. एकेक पान सरकायला चार-पाच सेकंद.

वर्डपरफेक्ट ५.१ ला एक्सपांडेड मेमरी वापरता येते हे मी त्या रात्री वाचलं. लोटस, इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९८५ मध्ये मिळून ठरवलेली ही पद्धत. वरच्या ३८४ केबीत ६४ केबीची एक खिडकी ठेवायची, आणि त्या खिडकीतून मोठ्या मेमरीचे १६-१६ केबीचे तुकडे आळीपाळीने दाखवायचे. ती असली की वर्डपरफेक्ट फाइलीचा न मावणारा भाग तिथे ठेवतं, नसली की डिस्कवर तात्पुरत्या फाइली करून त्यात टाकतं. दिवा पेटत होता तो त्यामुळे. 'नाही' म्हटल्याबरोबर मेममेकरने ईएमएम३८६ या मेमरी वाटून देणाऱ्या ड्रायव्हरच्या ओळीत 'नोईएमएस', म्हणजे ईएमएस (एक्सपांडेड मेमरी) नको, असं लिहून ती खिडकीच बंद केली होती. आकडा सुंदर, काम तसंच अडलेलं. 'मेममेकर /अनडू' लिहून सगळं पूर्वस्थितीला आणलं. एका प्रोग्रॅमने एका दमात दहा बदल केले की कुठल्या बदलाने काय झालं ते कळत नाही, म्हणून पुढचं सगळं मी हातानेच केलं.

१८ जानेवारी. कॉन्फिग.सिस ओळीओळीने वाचली. त्यात ईएमएम३८६ ची एक ओळ आधीपासूनच होती, पण तिच्यापुढे 'रेम' लिहून कोणीतरी ती निकामी केली होती. 'रेम' म्हणजे ही ओळ वाचू नको. आत्याला विचारलं. तिला आठवलं की फार वर्षांपूर्वी जुनं डिस्प्ले कार्ड जळालं होतं, नवीन बसवायला आणि त्याच वेळी सीडी ड्राइव्ह जोडायला एक जण आला होता. त्यानंतर यंत्र "जरा जड" झालं. पण तेव्हा ती लहान लहान नोंदी लिहायची, त्यामुळे चाललं. आता पुस्तकाची प्रकरणं एकत्र केल्यावर अडायला लागलं.

मी 'रेम' काढलं. 'डॉस=हाय,यूएमबी' ही ओळ घातली, म्हणजे डॉसचा मोठा भाग एक एमबीच्या वरच्या पहिल्या ६४ केबीत जातो आणि मधल्या मोकळ्या जागा ड्रायव्हरांना मिळतात. यंत्र परत सुरू केलं. ही एका वेळी दोन बदलांची चूक. मोठी फाइल आता सरसर सरकायला लागली, दिवा शांत. पान बघायला गेले आणि पडदा फाटला. वरच्या अर्ध्यात पान, खालच्या अर्ध्यात करड्या-पांढऱ्या पट्ट्या, त्यांत मधूनच उलटी अक्षरं. कीबोर्ड मेला, बटण दाबून यंत्र बंद करावं लागलं. आत्या मागे उभी होती, काही बोलली नाही, पण तिचा हात माझ्या खुर्चीच्या पाठीवर घट्ट धरलेला मला जाणवत होता.

त्या संध्याकाळी डिस्प्ले कार्डच बिघडलं असं मी धरून चालले होते, आणि दुसरं कार्ड शोधायच्या विचारात होते. तसं केलं असतं तर पैसे आणि दोन-तीन आठवडे फुकट गेले असते. रात्री वहीत ईएमएम३८६ ची ती ओळ परत वाचली तेव्हा तिच्यातला 'आय=बी०००-बी७एफएफ' हा तुकडा दिसला. त्यामागचं कारण असं. वरच्या ३८४ केबीतले पहिले १२८ केबी, ए००० पासून बीएफएफएफ पर्यंत (हे मेमरीतल्या जागांचे पत्ते), पडद्याचे. ए००० चे ६४ केबी चित्रांसाठी, बी००० चे ३२ केबी जुन्या एकरंगी पडद्यासाठी, बी८०० चे ३२ केबी रंगीत मजकुरासाठी. रंगीत पडदा असेल तर मधले ३२ केबी सहसा रिकामे पडून राहतात. म्हणून मेमरी वाचवू पाहणारे लोक ईएमएम३८६ ला सांगत की ती जागा ड्रायव्हरांना दे. 'आय' म्हणजे इन्क्लूड. जुन्या कार्डबरोबर ते चालत होतं. नवीन कार्ड चित्ररूपात गेल्यावर तो पट्टाही स्वतः वापरत होतं. एकाच जागेत स्मार्टड्राइव्हही बसलेला आणि पानाचं चित्रही, दोघं एकमेकांवर लिहीत होते. कार्ड बसवणाऱ्याने पडदा फाटताना बघितला असणार आणि पूर्ण ओळच 'रेम' करून टाकली. पडदा सुधारला, मेमरी गेली.

मेमरीची तक्रार आणि पडद्याची तक्रार या दोन वेगळ्या तक्रारी म्हणून मी दोन आठवडे बघत होते. डॉसच्या यंत्रात दोघांचा पत्ता एकच असतो. मेमरीची एखादी सेटिंग बदलल्यावर पडदा बिघडला, तर कार्डाला हात लावायच्या आधी ती सेटिंग तपासा.

१९ जानेवारी. यंत्र सुरू होताना 'स्टार्टिंग एमएस-डॉस' ही ओळ आली की एफ८ दाबायचं, म्हणजे ते प्रत्येक ओळ विचारून घेतं. एफ५ दाबलं तर दोन्ही फाइली सोडून देतं. या दोन कळा लक्षात असल्या की कॉन्फिग.सिस कितीही बिघडली तरी यंत्रात शिरता येतं. 'आय' च्या जागी 'एक्स' केलं, म्हणजे एक्सक्लूड, या पट्ट्याला हात लावू नको. ओळीत 'रॅम' ठेवलं, म्हणजे खिडकीही राहिली. आकडा ५९० केबी. पान उघडलं, नीट. स्मार्टड्राइव्हच्या २८ केबीला मात्र वर जागा उरली नाही. तेव्हा सीडी ड्राइव्ह आठवला. "सीडी शेवटची कधी लावलीस गं?" आत्या विचार करून म्हणाली, "लावलीच नाही कधी." सीडीचा ड्रायव्हर आणि त्याच्या जोडीचा एमएससीडेक्स हा प्रोग्रॅम, दोन्ही काढले, त्यांची जागा स्मार्टड्राइव्हला मिळाली. ६१७ केबी. पान उघडतंय, मोठी फाइल सरकतेय. वर्डपरफेक्ट सुरू करताना मागे '/आर' लावलं की ते स्वतःचे काही भागही एक्सपांडेड मेमरीत चढवतं, तेही लावलं.

एक विचित्र गोष्ट मात्र झाली. नोंदींची लेबलं छापणारा तिचा एक बारका जुना प्रोग्रॅम 'पॅक्ड फाइल इज करप्ट' म्हणायला लागला. फाइल अजिबात खराब नव्हती. त्या काळी प्रोग्रॅम दाबून लहान करायची एक पद्धत होती, आणि तिचा उलगडणारा भाग पहिल्या ६४ केबीत चालवला की चुकायचा. पूर्वी तो भाग डॉसनेच व्यापलेला असायचा, त्यामुळे कोणी तिथे जातच नसे. मी खालची जागा मोकळी केली आणि प्रोग्रॅम नेमका तिथे जाऊन बसला. डॉसमध्येच यावर उपाय आहे: नावाच्या आधी 'लोडफिक्स' लिहायचं. प्रोग्रॅम ६४ केबीच्या वर चढतो आणि चालतो. ही ओळ वाचून कोणी फाइल पुसून टाकू नये म्हणून मुद्दाम लिहिलं.

आठवडाभर सगळं छान चाललं. २७ जानेवारीला आत्याचा परत फोन: डिस्क सुरू होताना टकटक वाजतेय. तो आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना पुढचं सांगायला नको. १ फेब्रुवारीला डिस्क बाहेर काढली, आयडीई ते यूएसबी अडॅप्टरने लॅपटॉपला जोडली आणि सगळीच्या सगळी उतरवून घेतली. २१० एमबीच्या डिस्कला जेमतेम अर्धा तास लागला. या पूर्ण प्रवासात पैसे लागले ते बॅटरी, फ्लॉपी ड्राइव्ह आणि हा अडॅप्टर यांनाच.

आता जुन्या यंत्राच्या भरवशावर राहणं शक्य नव्हतं. डॉसबॉक्स हा मोफत प्रोग्रॅम आजच्या कॉम्प्युटरमध्ये जुना डॉस पीसी उभा करतो. आत्याच्या लॅपटॉपवर तो टाकला. मेमरीचं दुखणं तिथे जवळपास संपतंच: एक्सएमएस (एक एमबीच्या वरची मेमरी), ईएमएस आणि वरच्या ३८४ केबीतल्या मोकळ्या जागा तिन्ही मुळातच चालू असतात, आणि 'मेम' लिहिलं की खाली सहाशे केबीच्या वर मोकळे दिसतात. १९ जानेवारीपर्यंत ज्याच्यासाठी झगडले ते इथे आयतं मिळालं. पडद्याने मात्र दोन आठवडे घेतले.

२ फेब्रुवारी. आत्याने कंट्रोल-एफ८ दाबलं, फॉन्टच्या मेनूसाठी. मेनू आला नाही. तिने परत दाबलं, परत दाबलं. थोड्या वेळाने पडदा अडखळायला लागला, टाइप केलेली अक्षरं तीन-चारच्या घोळक्याने उमटायला लागली. मी मेमरी, प्रोसेसरचा वेग, सगळं तपासलं. शेवटी खिडकीच्या वरच्या पट्टीकडे लक्ष गेलं: 'फ्रेमस्किप ७'. डॉसबॉक्समध्ये कंट्रोल-एफ८ म्हणजे पडद्याची एकेक फ्रेम गाळणं वाढवा, कंट्रोल-एफ७ म्हणजे कमी करा. डॉसबॉक्स मुख्यतः खेळांसाठी लिहिलेला आहे, आणि खेळांना या कळा क्वचित लागतात. वर्डपरफेक्टमध्ये मात्र कंट्रोल-एफ७ तळटीप आणि कंट्रोल-एफ८ फॉन्ट. डॉसबॉक्स कळ मधल्यामध्ये घेतो, वर्डपरफेक्टपर्यंत ती पोचतच नाही. कंट्रोल-एफ५ चंही तेच, वर्डपरफेक्टमध्ये मजकूर बाहेर काढणं, डॉसबॉक्समध्ये पडद्याचा फोटो.

हे सगळं बदलायचं ठरवून आम्ही जेवायला उठलो. तेवढ्यात आत्याने सवयीने कंट्रोल-एफ९ दाबलं. वर्डपरफेक्टमध्ये ते मर्ज. डॉसबॉक्समध्ये तिथल्या तिथे बंद. खिडकी गेली, आणि तिच्याबरोबर सकाळपासून सेव्ह न केलेलं लिखाण.

परत सुरू केल्यावर वर्डपरफेक्टने विचारलं की त्याची दुसरी प्रत कुठे चालू आहे का. तो हा प्रश्न विचारतो कारण मागच्या वेळच्या तात्पुरत्या फाइली तशाच राहिलेल्या असतात. 'नाही' म्हणा, पण त्याच्यानंतर लगेच टाइप करायला लागू नका. दर काही मिनिटांनी तो स्वतःहून एक प्रत ठेवतो, शेपटी 'बीके१' असलेली. ती आधी शोधून दुसरं नाव देऊन ठेवा. काही वेळाने तो जुनी प्रत आहे असं सांगून नाव बदलू की पुसू हे विचारतोच, तिथेही नाव बदला हेच निवडा. आमचं वीस मिनिटांचं गेलं, बाकी मिळालं. मग शिफ्ट-एफ१, तिसरा पर्याय, त्यात पहिला, आणि ३० मिनिटांचे ५ केले.

कळा सोडवायच्या तर कंट्रोल-एफ१ दाबून डॉसबॉक्सचा कीमॅपर, म्हणजे कुठल्या कळीला कुठलं काम ते ठरवायचा पडदा, उघडायचा. तिथे बंद करणं, फ्रेमस्किप, स्क्रीनशॉट, अशी नावं बटणांवर असतात. एकेक निवडायचं, लावलेली कळ काढून टाकायची, शेवटी सेव्ह. सेव्ह विसरलात तर पुढच्या वेळी सगळं परत जुन्यासारखं. पट्टीवरची चाळीसच्या चाळीस कामं आम्ही एकेक दाबून पाहिली. आत्या वाचायची, मी दाबायचे. त्यात एक दुपार गेली, आणि ती आमच्या दोघींची या सगळ्यातली सर्वांत छान दुपार होती.

८ फेब्रुवारी. अक्षरं धुरकट. जुन्या व्हीजीए पडद्यावर मजकुराचं एक अक्षर ९ ठिपके रुंद आणि १६ उंच असतं. ८० अक्षरं आणि २५ ओळी म्हणजे ७२० बाय ४००. हे ४:३ च्या काचेवर दिसायचं, त्यामुळे ठिपका चौकोनी नव्हे, जरा उभट असायचा. आजच्या १९२० बाय १०८० च्या पडद्यावर ४:३ आकार ठेवला तर १४४० बाय १०८० मिळतात. रुंदी बरोबर दुप्पट, पण उंची २.७ पट. म्हणजे काही आडव्या ओळी दोन ठिपक्यांच्या, काही तीनच्या. रोमन 'ई' ची मधली दांडी जाड आणि खालची बारीक, आणि मध्ये सगळं सौम्य करणारा फिल्टर लागला की धूर. तीन सेटिंग बदलल्या. 'मशीन=व्हीजीएओन्ली', म्हणजे अक्षर ८ ऐवजी मूळच्या ९ ठिपक्यांचं होतं आणि शेजारच्याला चिकटत नाही. 'आउटपुट=ओपनजीएलएनबी', म्हणजे फिल्टर जातो आणि कडा धारदार होतात. 'अॅस्पेक्ट=ट्रू', म्हणजे जुना उभट आकार. दांड्यांची जाडी थोडी कमीजास्त राहिली. बरोबर दुप्पट, १४४० बाय ८०० करून पाहिलं, तेव्हा दांड्या सारख्या झाल्या पण अक्षरं बसकी दिसायला लागली. आत्याने दोन्ही बराच वेळ पाहिलं आणि उभी अक्षरं निवडली. "ही माझ्या ओळखीची," म्हणाली.

९ फेब्रुवारी. शेवटचं आणि तिच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं. संकरित वनस्पतींच्या नावात गुणाकाराचं चिन्ह येतं. तिच्या नोंदींत ते शेकड्यांनी आहे, आणि प्रत्येक ठिकाणी पडद्यावर ठोकळा दिसत होता: ■. तिचा चेहरा उतरला. ज्या चिन्हासाठी तिने एकेक नोंद तपासली होती, तेच नाहीसं झालं असं तिला वाटलं. मी कर्सर ठोकळ्यावर नेऊन आल्ट-एफ३ दाबलं. खालच्या अर्ध्या पडद्यावर आतल्या खुणा उघडल्या आणि तिथे चिन्हाचा संच आणि क्रमांक लिहिलेला होता. संच ६, गणित आणि विज्ञानाचा. म्हणजे फाइलीत चिन्ह सुरक्षित होतं, पडद्याला तेवढं काढता येत नव्हतं. वर्डपरफेक्टला दीड हजारांहून जास्त चिन्हं येतात. पीसीच्या पडद्याच्या मूळ अक्षरसंचात २५६, आणि त्यात गुणाकाराचं चिन्हच नाही. म्हणून ठोकळा दिसला तर तो पुसून नवीन टाइप करू नका. आधी खुणा उघडून बघा.

जुन्या यंत्रावर ते दिसत होतं, कारण तिथे ५१२ अक्षरांचा फॉन्ट निवडलेला होता. मी इथे तिची जुनी सेटिंग फाइल मुद्दाम आणली नव्हती, तिच्यात जुना प्रिंटर आणि जुना पडदा होता. शिफ्ट-एफ१, डिस्प्ले, रंग-फॉन्टचा पहिला पर्याय, त्यात '५१२ कॅरेक्टर्स' निवडलं. ठोकळ्यांच्या जागी चिन्हं उभी राहिली. आत्या हळूच "आलं" म्हणाली.

त्याची किंमत रंगांत मोजावी लागते. पडद्यावरच्या प्रत्येक अक्षराला दोन बाइट असतात, एक अक्षराचा, एक रंगाचा. एका बाइटमध्ये २५६ च अक्षरं बसतात. ५१२ हवी असतील तर रंगाच्या बाइटमधला एक बिट उसना घ्यावा लागतो, आणि अक्षरांचे रंग १६ चे ८ होतात. जातात ते उजळ आठ. ठळक अक्षरं उजळ पांढरी होती ती साध्यासारखीच दिसायला लागली. त्यांना आकाशी रंग दिला आणि वहीत नोंद केली.

१६ फेब्रुवारी, रविवार. जुन्या कीबोर्डवरची पट्टी काढून नव्यावर बसवली. ती नीट बसत नाही, फंक्शन कीजमधलं अंतर वेगळं आहे, तरी आत्याला ती हवी होती. डॉसबॉक्सचं पूर्ण फोल्डर, कीमॅपरची फाइल, तिची जुनी सेटिंग फाइल आणि माझ्या वहीचे फोटो, हे सगळं दोन पेनड्राइव्हवर उतरवलं. एक तिच्याकडे, एक माझ्याकडे. मी बॅग भरत होते तेव्हा तिने एफ७ दाबून जुनी फाइल मिटली, रिकामा निळा पडदा आला, आणि ती टाइप करायला लागली. थोड्या वेळाने एफ१० दाबून तिने नाव दिलं. २१३ वी फाइल.